बाहेरच न पडलेल्या माणसाचं लॉगिन

मी काय काम करते, हे आईला समजावताना मी पहिल्यांदाच ते मराठीत बोलले, आणि बोलता बोलता मलाच ते विचित्र वाटायला लागलं.

मी म्हटलं, कंपनीचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात विक्री, साठा, कुठली गाडी कुठे गेली, असे सगळे रिपोर्ट दिसतात. ते बघायला लोक आत येतात. कुणी मोबाईलच्या ॲपमधून येतं, कुणी ब्राउझरमधून, कुणी कॉम्प्युटरवर बसवलेल्या जुन्या प्रोग्रॅममधून. कोण कुठल्या वाटेनं आलं, त्याचा मी दर सोमवारी रिपोर्ट करते.

"आणि आत येऊन काय बघतात?" आईनं विचारलं.

"ते मी मोजत नाही."

आई भाजी निवडत होती. नंतर ती शेजारच्या काकूंना सांगत होती ते मी ऐकलं, की मुलगी सिक्युरिटीत आहे.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे ऑफिसचं सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीतच असतं. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत ते फार शहाणपणाचं वाटतं.

आमची कंपनी चिक्की आणि फज बनवते. कारखाना कान्ह्याला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कार्ल्याला हायवेवर एक मोठा काउंटर आहे, तिथे बस थांबतात. लोणावळ्यात बाजारातल्या दुकानाच्या वर एक खोली आहे, ते माझं ऑफिस. खालून दिवसभर गुळाच्या पाकाचा वास येतो. मला ही खोली आवडते, कारण तिथे मी एकटी असते आणि पुण्याच्या हेड ऑफिसचे लोक फक्त स्क्रीनवर भेटतात. मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवते. माइकसुद्धा. मी आहे हे त्यांना माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या गोलावरून कळतं, आणि मला तेवढं पुरतं.

पुण्यात आमच्या डिजिटल विभागाचे प्रमुख आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. सरांना मोबाईल आवडतो. प्रत्येक माणसानं रोज सकाळी ॲपमध्ये लॉगिन केलंच पाहिजे, असा त्यांनी नियम काढला. मग ते दर सोमवारी माझ्या आलेखाची वाट बघायला लागले. इतर ठिकाणचे बार बुटकेच राहिले. कान्ह्याचा मात्र मोबाईलचा बार आलेखाच्या कागदातून बाहेर जाईल इतका उंच. कारखान्यातले सगळेच्या सगळे लोक, रोज, एकही दिवस न चुकता, सकाळच्या चहाच्या आसपास लॉगिन करत होते. पाक ढवळणारे, चिक्की लाटणारे, खोकी भरणाऱ्या बायका, झाडून सगळे.

त्याच आलेखात अगदी कडेला तिसरा रकाना होता, जुन्या प्रोग्रॅमचा. बाकी सगळे ब्राउझरवर गेले होते. तिथे एकच नाव उरलं होतं, कान्ह्याच्या डिस्पॅच टेबलाचं, आणि त्याच्यापुढे शून्य. मी रिपोर्ट करायला लागल्यापासून ते शून्यच होतं.

सरांनी दोन्हींचा अर्थ लगेच लावला. कान्हे म्हणजे आदर्श. आणि ज्या प्रोग्रॅममध्ये कुणी येतच नाही, तो बंद. महिनाअखेरीला तो कॉम्प्युटर उचलायचा, डिस्पॅचचं टेबल मोडायचं आणि तिथे बसणाऱ्या बाईंना कार्ल्याच्या काउंटरवर पाठवायचं, तिथे माणसं कमी पडतात. मला त्यांनी सांगितलं की कान्ह्याला जाऊन बघून ये, हे यश कसं मिळवलं, आणि स्लाइड्स कर.

मी लोकलनं गेले. दुपारच्या आत परत यायचं असं ठरवूनच.

गेटवर वॉचमन होते. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हटलं. त्यांनी माझा फोन मागितला. खाण्याच्या पदार्थांचा कारखाना, आत फोन न्यायला बंदी, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या मागे भिंतीवर लाकडी खणांचं कपाट होतं आणि प्रत्येक खणात एकेक फोन उभा होता.

मी विचारलं, की फोन इथे असतात तर लोक लॉगिन कधी करतात?

भाऊंनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "त्यांचे हात पाकात असत्यात. ते कवा करनार? मी करतो की."

मग त्यांनी मला दाखवलं. चिक्कीच्या रिकाम्या क्रेटमध्ये त्यांनी सगळे फोन भरले, क्रेट खांद्यावर घेतला आणि बाहेरच्या लोखंडी जिन्यानं गच्चीवर गेले. खाली नेटवर्क येत नाही. पाण्याच्या टाकीच्या एका बाजूला, उभं राहिलं तर येतं. भाऊंनी एकेक फोन उचलला, लॉगिन केला, परत क्रेटमध्ये उलटा ठेवला, म्हणजे झालेला कळतो. सगळ्यांचा पासवर्ड एकच होता, तो भाऊंनीच ठरवला होता. फोन कुणाचा हे ते कव्हरवरून ओळखत. एक फोन हातात घेऊन म्हणाले, हिच्या नवऱ्याचे लय मिस कॉल येत्यात, आणि तोही उलटा ठेवला.

मी विचारलं, की आतले रिपोर्ट कुणी बघतं का?

"रिपोर्ट?" भाऊ म्हणाले. "त्ये काय असतंय?"

पावसाळ्यात कसं करता, असं मी विचारलं. छत्री आहे, ते म्हणाले. कंपनीनंच दिली. या कामासाठी असं सांगून मागितली, लगेच मंजूर झाली.

मी वहीत लिहिलं: छत्री.

डिस्पॅचचं टेबल कारखान्याच्या मागच्या दारापाशी होतं, जिथे गाड्या लागतात. तिथे मावशी बसल्या होत्या. कान्ह्यातल्याच, घर कारखान्याच्या भिंतीला लागून. सगळे त्यांना मावशी म्हणतात, ड्रायव्हर थोडे घाबरून म्हणतात. त्यांच्यासमोर जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर एक छोटा पंखा सोडलेला, बाजूला झेंडूची वाळलेली माळ, बहुधा दसऱ्याची. बंद करायच्या बटणावर बाटलीचं बूच चिकटपट्टीनं लावलेलं.

आणि स्क्रीनवर आमचं सॉफ्टवेअर चालू होतं. जुना प्रोग्रॅम. साठ्याचा रिपोर्ट उघडा, अगदी ताजा. मावशींनी त्यात बघितलं, दारातल्या ड्रायव्हरला म्हणाल्या की कार्ल्याला शेंगदाण्याची नको, तीळ घेऊन जा, आणि परत स्क्रीनकडे वळल्या. मी उभी होते तेवढ्या वेळात त्यांनी चार-पाच गाड्या अशाच फिरवल्या.

माझ्या आलेखात हेच ते शून्य होतं.

मी हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही यात लॉगिन कधी करता?"

"कदीच न्हाई," मावशी म्हणाल्या. "त्याला भाईर जावं लागतंय. मी जाऊच देत न्हाई."

मग सगळं कळलं. आधी त्या खुर्चीवर एक आबा बसत, भाजे गावचे. प्रोग्रॅम त्यांच्या नावानं चालू होता. आबा रिटायर झाले त्या दिवशी ते खुर्चीतून उठले आणि मावशी बसल्या, मध्ये स्क्रीन बंद झालीच नाही. पासवर्ड कुणाला माहीत नव्हता. त्यामुळे एकदा का प्रोग्रॅम बाहेर पडला की परत आत जाता येणार नाही, एवढं सगळ्यांना कळलं आणि तेव्हापासून त्याला कुणी बाहेर पडू दिलं नाही. बराच वेळ हात लावला नाही तर तो आपोआप बंद होतो. म्हणून मावशी जेवायला गेल्या की पॅकिंगमधली कुणीतरी येऊन माऊस हलवते. सुट्टीच्या दिवशी वॉचमन भाऊ हलवतात. रात्रपाळीचा वॉचमन फेरी मारताना टॉर्च दाखवतो, कुलूप ओढून बघतो आणि माऊस हलवतो. वीज गेली की यूपीएसची बॅटरी संपायच्या आत जनरेटर आधी यावर, मग गुळाच्या कढईवर. कॉम्प्युटर अधूनमधून एक चौकट दाखवतो, की मला बंद होऊन परत चालू व्हायचं आहे. मावशी 'नंतर' दाबतात.

"किती दिवस 'नंतर' दाबताय?" मी विचारलं.

"ते थकंल तवा बघू," मावशी म्हणाल्या.

मी त्यांना महिनाअखेरीचं सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण त्या चेहऱ्यासमोर मला स्लाइड्सचं बोलता येईना. मावशींनी पंखा बंद केला, परत चालू केला.

"कार्ल्याला? तितं दिवसभर उभं ऱ्हायचं. माझं गुडघं हे असं. आन् मुंबईच्या लोकास्नी चिमट्यानं चिक्कीचं तुकडं चाखवत बसू व्हय मी या वयात?" मग त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "त्यो आलेख तूच काढतीस नव्हं? मग तितं एक रेघ ओढ की माझ्या नावाची. तुझ्या हातात पेन हाय."

रेघ मी ओढत नाही, ती आपोआप येते, हे मी त्यांना सांगू शकले नाही. नुसती मान हलवली. मी बहुतेक ठिकाणी तेच करते.

लोणावळ्याला परत आल्यावर मी सरांना मेल केला. फार जपून लिहिला. की शून्य आहे कारण तिथे कुणी लॉगआउटच करत नाही. सरांचं उत्तर चटकन आलं आणि ते अगदी बरोबर होतं: त्यांना एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांग, मोजणीत येतील.

आता मी पासवर्ड माहीत नाही असं कळवलं असतं, तर त्यांनी तो बदलून दिला असता. पण तो ज्याच्या नावावर आहे त्यालाच. आणि तो माणूस रिटायर झालाय हे उघड झालं की नियमाप्रमाणे ते खातं त्याच दिवशी बंद. मावशींच्या नावानं नवीन खातं मागावं म्हणून मी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांना नाव न सांगता विचारून पाहिलं. ते म्हणाले, जुन्या प्रोग्रॅमची नवी खाती देणं बंद आहे, कारण तो कुणी वापरत नाही. कुणी वापरत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी मला माझाच सोमवारचा रिपोर्ट पाठवला.

महिनाअखेरीची मीटिंग लोणावळ्यात ठेवली होती. लोणावळ्यात ठेवली की पुण्याचे लोक न चुकता येतात आणि जाताना गाडीत खोकी नेतात. त्या दिवशी सरांबरोबर कंपनीच्या मालकीणबाईही आल्या होत्या. त्यांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणतो. मला पहिल्यांदाच माणसांनी भरलेल्या खोलीत उभं राहून स्क्रीन दाखवायची होती. कॅमेरा बंद करायची सोय नव्हती.

सरांनी कान्ह्याच्या उंच बारबद्दल बराच वेळ सांगितलं. पाक ढवळणारा माणूससुद्धा आज डेटा बघतो, असं म्हणाले. मोठ्या मॅडमना ते आवडलं. मग सर जुन्या प्रोग्रॅमच्या शून्याकडे आले आणि मला म्हणाले, पुढची स्लाइड.

मी पुढची स्लाइड लावली नाही. आदल्या दिवशी मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, फक्त दाखवायचं. सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक स्क्रीन आहे, ती कुणी उघडत नाही: या क्षणी आत कोण आहे, कुठल्या वाटेनं आलेलं आणि किती वेळ. मी ती उघडली.

दुपारची वेळ होती. मोबाईलवरून: कुणी नाही. फोन कपाटात होते. ब्राउझरमधून: एक, ती मी. जुन्या प्रोग्रॅममधून: एक, भाज्याचे आबा. आणि किती वेळ, या रकान्यात आकडा मावत नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरनं तिथे नुसत्या ##### अशा जाळीच्या खुणा छापल्या होत्या.

सर म्हणाले, हा काहीतरी बग आहे.

मला माझा आवाज ऐकू आला, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा मोठा होता. "सर, लॉगिन म्हणजे आत येणं. जो बाहेरच गेला नाही, तो परत आत कसा येणार?"

मोठ्या मॅडम पुढे वाकल्या. "हे कोण गृहस्थ?"

आता खोटं बोलावं इतकी माझी तयारी नव्हती. खोटं बोलायलाही सराव लागतो. मी म्हटलं, "मॅडम, ते रिटायर झालेत."

मोठ्या मॅडमनी स्क्रीनवरच्या त्या खुणांवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रिटायर होऊनसुद्धा?"

मी म्हटलं, तसं नाही, तिथे आता एक मावशी बसतात. मॅडम म्हणाल्या, त्यांच्या मदतीला बाई दिल्या आहेत का, हे फार चांगलं केलं. मी परत तोंड उघडलं, पण तोवर त्या सरांना विचारत होत्या, की असा माणूस आपल्याकडे आहे आणि तुम्ही त्याचा कॉम्प्युटर उचलणार होतात? सर म्हणाले, अजून काही ठरलं नव्हतं. रिटायर झालेल्याचं खातं बंद करायच्या नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कान्ह्याला आबांचा सत्कार झाला.

आबांना भाज्याहून गाडी पाठवून आणलं. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, टोपी. ते आता शनिवार-रविवारी स्वतःच्या खाचराच्या कडेला लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावून घेतात, आणि तो शनिवार असल्यामुळे सारखे घड्याळ बघत होते. शाल आणि नारळ स्वीकारला. कशाबद्दल, हे त्यांनी वॉचमन भाऊंना हळूच विचारलं. भाऊ म्हणाले, माऊस हलवल्याबद्दल. आबा म्हणाले, बरं.

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. त्यांच्या हातात कुणीतरी मदतनीस म्हणून गुलाबाचं फूल दिलं होतं. ते त्यांनी उलटं धरलं होतं.

मग सरांना फोटो सुचला. आबांनी खुर्चीत बसायचं, प्रोग्रॅम बंद करायचा आणि परत लॉगिन करतानाचा फोटो. सर टेबलाशी गेले, माऊस धरला आणि बाहेर पडायच्या बटणावर बाण नेला. भाऊंनी टोपी काढली. मावशी पुढे आल्या आणि टेबल आणि सर यांच्यामध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात उभ्या राहिल्या.

"पासवर्ड तेवढा टाका हं आबा," सर म्हणाले.

"मला कुटं ठाव हाय?" आबा म्हणाले.

"तुमचाच आहे ना?"

"असंल. पन मी कदी टाकलाच न्हाई. मी हितं बसाय आलो तवाच कुनीतरी माझ्या नावानं चालू करून ठिवला व्हता."

मोठ्या मॅडम फोटोवाल्याशी बोलत होत्या, त्यांनी हे ऐकलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्ट करते, मला माहीत असणार, अशा नजरेनं.

मी त्यांच्या जवळ गेले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हटलं, "सर, आता बाहेर पडलं तर त्या स्क्रीनवर जाळीच्या जागी शून्य येईल. मॅडमना ती स्क्रीन आता थेट दिसते."

सरांनी माऊसवरून हात काढला. मग, मला वाटतं नकळत, परत ठेवला आणि तो थोडासा हलवला, प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून.

फोटो तसाच काढला. आबा खुर्चीत, मावशी मागे, मदतनीस. गाड्यांची वेळ झाली तशा मावशींनी आबांना उठवलं आणि खुर्चीवर बसल्या.

मावशींची खुर्ची राहिली. कागदावर त्या आबांच्या मदतनीस आहेत. पुण्याहून डिस्पॅचला फोन आला की लोक आदरानं आबांची तब्येत विचारतात आणि मावशी म्हणतात, बरी हाय, बसल्यात. मी मोठ्या मॅडमना खरी गोष्ट सविस्तर लिहून पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं, की असे प्रसंग लिहून ठेवत जा, नव्या लोकांना प्रेरणा मिळते.

सरांनीही प्रेरणा घेतली. त्यांनी नवीन नियम काढला: कंपनीत कुणीही लॉगआउट करायचं नाही. कोण किती वेळ आत आहे, हेच आता महत्त्वाचं. सगळ्या कॉम्प्युटरच्या बटणांवर बुचं लागली. कार्ल्याच्या काउंटरवर चिक्की चाखवणाऱ्या मुली मधूनमधून चिमटा ठेवून माऊस हलवतात. वॉचमन भाऊंचे सगळे फोन आता कायमचे ॲपच्या आत असतात. तरी भाऊ रोज क्रेट घेऊन गच्चीवर जातात. फोनना वारा लागला पाहिजे, म्हणतात.

कुणी बाहेर जात नाही, त्यामुळे आता कुणी आतही येत नाही. माझ्या सोमवारच्या रिपोर्टमधला कान्ह्याचा उंच बार गेला. बाकीचेही गेले. मोबाईल रिकामा, जुना प्रोग्रॅम रिकामा. ब्राउझरच्या रकान्यात एकच नाव असतं, रोज एकदा, माझं. मी संध्याकाळी लॉगआउट करून घरी जाते. त्याशिवाय मला ऑफिस सुटल्यासारखं वाटत नाही. एवढ्या मोठ्या पांढऱ्या आलेखात माझी एकटीची छोटी रेघ उभी असते, आणि ती पुण्यापासून कान्ह्यापर्यंत सगळ्यांना जाते. मी ती लपवायचा प्रयत्न केला. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही.

परवा कान्ह्याहून मावशींचा फोन आला.

"पोरी, कागदावर तुझं एकटीचंच नाव येतंय म्हनं."

"हो, मावशी."

"मग रोज भाईर कशाला जातीस?"

फोनमध्ये गाडी मागे घेतल्याचा आवाज येत होता. मावशी कुणाला तरी म्हणाल्या, तीळ न्हाई, आज शेंगदाणा, आणि मग परत मला म्हणाल्या, "जाऊंदे. तुझं हाय तितं घर. मी हाय हितं आत."

फोन ठेवला. मी रिपोर्ट पाठवला आणि लॉगआउट केलं.